तुरीच्या दाण्याएवढं शिसं

"…ते सगळं खरं, बुवा. पण टू-टूच्या काडतुसानं सांबर मरतं की नाही, एवढं एकदा सांगाच."

केरबा बुवा झोपडीपुढच्या शिळेवर बसून घायपाताच्या वाखाची दोरी वळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मरतं."

धैर्यशील सरनोबताचा चेहरा पडला.

बुवांचे हात थांबले. आता कुठे त्यांनी वर पाहिलं.

"दिवाळीत हेच तू मला घसा ताणून सांगत व्हतास. आज मी तुला सांगितलं, तर तोंड का उतरलं रं?"

परवाना काढून शिकार करता येई, त्या दिवसांतली ही गोष्ट. केरबा बुवांनी तीस वर्षं एका जहागिरदाराकडे शिकारी म्हणून काढली होती. मग एक दिवस बंदूक धन्याच्या ओसरीवर ठेवली आणि भैरोबाच्या पठारावर येऊन राहिले. देवळात दिवा लावायचा, दोऱ्या वळायच्या, आणि कुणी आलंच तर माग काढायला शिकवायचं. त्यांची वाणी गोड नव्हती. तरी माणसं चढ चढून यायची, कारण पाचोळ्यावरून गेलेलं जनावर बुवांना वाचता येई.

धैर्यशील सरनोबत घरचा मोठा. वाडवडिलांची जमीन, शहरात शिक्षण, आणि नेमबाजीच्या स्पर्धेतला चांदीचा पेला. पन्नास पावलांवरून पावलीएवढ्या ठिपक्यात पाच गोळ्या घालायचा. त्याला 'अरे-तुरे' करणारा पंचक्रोशीत हा एकच म्हातारा होता, आणि बापानं त्याला इथं धाडला होता तो बहुधा त्याचसाठी.

दिवाळीत दोघांची जुंपली होती. बुवा म्हणाले होते, सांबरावर जायचं तर मोठी रायफल घे. धैर्यशील हसला होता. मोठी रायफल नेम नसलेल्याला लागते, तो म्हणाला. आपल्याला टू-टूची हलकी बंदूक बास. बारीक गोळी, कानाच्या मागे, आणि जनावर जागच्या जागी.

"निशानाला पाय नसत्यात," एवढंच बुवा तेव्हा म्हणाले होते.

आज शिमगा होऊन आठ दिवस झाले होते. उन्हाला धार आली होती. दीड तासाचा चढ चढून आलेला धैर्यशील घामानं निथळत होता, ओठ पांढरे पडले होते. त्याच्यापुढे बुवांनी आल्या आल्या गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी ठेवलं होतं.

गुळाला मुंग्या लागल्या होत्या. तांब्या भरलेला तसाच होता.

"पानी घेतलं न्हाईस," बुवा म्हणाले.

"तहान नाही."

"न्हाई?"

"…नाही."

बुवांनी दोरी बाजूला ठेवली.

त्यांच्याकडे शिकायला येणाऱ्याला पहिल्या दिवशी एकच नियम सांगितला जाई. आपल्या बारानं रक्त सांडलं, तर ते जनावर सापडेपर्यंत पाण्याचा थेंब तोंडात घालायचा नाही. जखमी जनावराला आधी तहान लागते. ती काय असते, हे मारणाऱ्याच्याही घशाला कळू दे. धैर्यशीलनं हा नियम ऐकला तेव्हा मान डोलावली होती, आणि घरी जाऊन जुनी माणसं, जुनी खुळं, असं म्हणून चारचौघांत हशा पिकवला होता.

"कवा?" बुवांनी विचारलं.

"पहाटे. उजाडता उजाडता."

"काय व्हतं?"

"सांबराची मादी. खालच्या ओढ्याच्या वर, ऐनाच्या झाडाजवळ. पस्तीस पावलं… बार झाला तशी उसळली आणि पळाली."

"आन् रगात?"

धैर्यशीलनं मान खाली घातली.

"पानांवर होतं. दोन तास शोधलं, बुवा. ओढ्यापर्यंत जाऊन आलो. पुढं काही मिळालं नाही." तो थांबला. मग घाईघाईनं म्हणाला, "पण टू-टूचीच गोळी ना? बारीक असते. नुसती चाटून गेली असेल. आणि आत गेली असली तरी एवढ्या मोठ्या जनावराला काय होतंय? भरून येईल की आपोआप. येईल ना?"

दिवाळीत ह्याच काडतुसानं सांबर जागच्या जागी पडत होतं. आज त्याला खरचटतही नव्हतं. बुवांच्या मनात हे आलं असणार, पण ते बोलले नाहीत. पडलेल्याला लाथ मारायची त्यांची रीत नव्हती.

त्यांनी कमरेची चंची सोडली. सुपारीच्या खांडांत बोटं घातली, काहीतरी चाचपून बाहेर काढलं आणि धैर्यशीलच्या तळव्यावर ठेवलं.

काळपट शिशाचा तुकडा. चेपलेला. तुरीच्या दाण्याएवढा.

"टू-टूची," धैर्यशील म्हणाला.

"व्हय. धन्यानं एक सांबर पाडलं व्हतं, त्याच्या फऱ्यातनं निघाली. दोन साल तरी आत असंल. पाय वाळून काठीवानी झालेला. कातड्याखाली सगळा पू. सोलताना मानसं नाक धरून लांब सरली."

बुवांनी तळव्यावरच्या दाण्याकडे बोट केलं.

"मरत न्हाई म्हनतोस ना? हे बी मेलं नव्हतं."

धैर्यशीलनं मूठ मिटली नाही. तो दाणा तळव्यावर तसाच धरून बसला.

"कुणी मारली होती?"

"कुनाला ठाऊक! मारनाऱ्याला बी ठाऊक नसंल. त्यो घरी सांगत असंल, नेम चुकला आन् सांबर वाचलं."

वाऱ्यानं देवळातली घंटा उगाच एकदा हलली.

धैर्यशीलनं खिशातून रुमाल काढला. घडीत एक पान जपून ठेवलेलं होतं. त्यावर लाल डाग होता, फराटा ओढल्यासारखा.

"हे तिथलं," तो म्हणाला.

बुवांनी पान उन्हाकडे धरलं. नखानं डागाची कड हलकेच खरवडली. बराच वेळ बघितलं. मग परत रुमालात घालून, घडी करून, त्याच्या हातात दिलं.

"चल," ते म्हणाले.

त्या एका शब्दानं धैर्यशीलचा निकाल लागला, असंच त्याला वाटलं.

बुवांनी निरगुडीची काठी घेतली. सुकवलेल्या भोपळ्याच्या तुंब्यात पाणी भरून खांद्याला अडकवलं. स्वतः मात्र घोटही घेतला नाही. उतरणीला लागल्यावर धैर्यशीलच्या ते ध्यानात आलं.

"बुवा, तुम्ही तरी पाणी घ्या. बार माझा होता."

"बार तुझा. शिष्य माझा."

पुढे तासभर उतरण होती. सत्तरीतला म्हातारा पुढे चालत होता आणि पंचविशीचा गडी मागे अडखळत होता. तुंब्यातलं पाणी पावलागणिक डुचमळत होतं. तो आवाज धैर्यशीलला जन्मात कधी एवढा मोठा ऐकू आला नव्हता. ती कुठे पडली असेल? ओढा तर आटत आलेला. डबकं गाठलं असेल का तिनं? जबडा फुटला असेल तर पाण्यात तोंड घालूनही तिला पिता येणार नाही, हा विचार मनात आला आणि तो मधेच उभा राहिला.

"चल," बुवा पुढूनच म्हणाले.

जागा आली. एक मोठा धोंडा होता, त्यावर पहाटे त्यानं कोपर टेकलं होतं.

"हितं बसलास?"

"हो."

"आन् ती?"

"त्या ऐनाच्या पुढं. खाली मान घालून चरत होती."

बुवांनी हातातली काठी त्याला दिली. "बस. ही तुझी बंदूक."

ते पस्तीस पावलं चालत गेले. ऐनाच्या झाडापुढे उभे राहिले. गुडघ्यांवर हात टेकून कमरेत वाकले, मान पुढे काढली आणि खाली घातली. चरणारं जनावर उभं राहतं तसे.

"धर नेम!" तिथूनच ओरडले. "सकाळी जिथं धरलास तिथंच धर."

धैर्यशीलनं काठी धोंड्यावर टेकवली. एक डोळा मिटला. काठीच्या टोकापलीकडे पांढऱ्या केसांचं डोकं होतं. कान होता. कानाच्या मागची सुरकुतलेली मान होती.

निरगुडीची काठी, दुसरं काही नाही. पण ती हलायला लागली.

बुवांनी मान वर केली आणि सरळ त्याच्याकडे बघितलं.

काठी धोंड्यावरून खडखडत घसरली.

"हात हलतोय, बुवा."

"हलू दे." बुवा तसेच वाकून उभे होते. "सकाळी हलला व्हता का?"

झाडावर एक हुप्प्या खाकरला आणि गप्प झाला.

ह्या प्रश्नाचं उत्तर धैर्यशील सरनोबतानं आजवर कुणाला दिलं नव्हतं. पहाटेपासून स्वतःलाही दिलं नव्हतं. चांदीचा पेला घरी दिवाणखान्यात काचेच्या कपाटात होता, आणि ज्याचा हात हलतो त्याच्या घरी तो नसतो.

"हो," तो म्हणाला. "हलला होता. चाप ओढता ओढता तिनं मान वर केली. माझ्याकडं बघितलं तिनं. आता तुम्ही बघितलंत तसं… आणि माझा हात हलला."

"कुनीकडं?"

"वर. बहुतेक वर."

बुवा कमरेवर हात ठेवून सावकाश सरळ झाले.

"मग वर बगू," ते म्हणाले.

सकाळी दोन तास धैर्यशील खाली बघत फिरला होता. पाचोळा उलटला, दगड उलटले, ओढ्याची वाळू बोटांनी चाळली. वर बघायचं त्याच्या मनातच आलं नव्हतं. गोळी आपली, म्हणजे ती लागलेलीच असणार. त्याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती.

ऐनाची साल खवल्याखवल्यांची, मगरीच्या पाठीसारखी. त्यात बोराएवढं भोक दिसायचं नाही, तर दाण्याएवढं कुठून दिसणार! दोघंही खोडाला भिडले. बुवांनी खालून हात फिरवत आणला. धैर्यशील टाचा उंचावून वरून चाचपू लागला. हाताला मुंगळे चावले. घामानं डोळे चुरचुरले. जीभ टाळूला चिकटली होती. एकदा भोक सापडलं, पण ते किड्याचं निघालं. आणखी एकदा तसंच झालं.

मग त्याच्या हातभर डोक्यावर, दोन खवल्यांच्या मधे, बोटाला काहीतरी ओलसर लागलं.

तो फांदीला धरून वर चढला. साल ताजी फुटली होती. आतलं लाकूड अजून ओलं होतं. त्यानं चाकूच्या टोकानं कोरलं, आणखी कोरलं, आणि शिशाचा दाणा त्याच्या तळव्यावर पडला. तसाच, बुवांच्या चंचीतला होता तेवढा. फक्त हा नवा होता, चकचकीत होता. त्याला रक्त नव्हतं, केस नव्हता, नुसता ऐनाचा चीक होता.

धैर्यशीलनं खाली बघितलं. मादीनं मान वर केली होती, तरी ही जागा तिच्या डोक्यावरून हातभर उंच होती.

"बुवा…"

"काय हाय?"

"बुवा, चुकला!" तो फांदीवरूनच ओरडला. "नेम चुकला माझा! लागलीच नाही! बुवा, मी चुकलो!"

चांदीचा पेला मिळाला तेव्हाही हा गडी एवढा ओरडला नसेल. तो खाली उतरला म्हणण्यापेक्षा पडला. गुडघे सोलले, त्याची त्याला शुद्ध नव्हती. बुवांच्या खांद्याला धरून तो हसत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मग एकाएकी हसू थांबलं.

"पण मग रक्त? रक्त कुणाचं?"

त्यानं घाईघाईनं रुमाल सोडला. पान सुकून चुरचुरीत झालं होतं. डाग मात्र पहाटे होता तसाच, लालभडक.

"रगात वाळलं की काय व्हतं रं?" बुवांनी विचारलं.

"काळं पडतं."

"आन् हे?"

धैर्यशील पानाकडे बघत राहिला.

बुवांनी त्याला दंडाला धरून चार पावलं नेलं. तिथे पायवाटेवर एक झाड वाकलं होतं. त्याला वाटाण्याएवढ्या लाल फळांचे घोस लटकत होते. बुवांनी फांदी धरून हिसडली. कुंकवासारखी पूड भुरभुरली आणि धैर्यशीलच्या पांढऱ्या सदऱ्यावर खांद्यापासून छातीपर्यंत लाल पट्टा उमटला.

"तुझं बी रगात निघालं बग," बुवा म्हणाले.

शेंद्रीचं झाड. बिथरलेली मादी ह्याच्यातून घुसून गेली होती. पूड पानापानांवर सांडली आणि पहाटेच्या दवानं ओली होऊन ओघळली. गावातल्या बायाबापड्यासुद्धा ही पूड ओळखतात, कापड रंगवतात तिनं. पण माणसाला आपण मारलंच आहे अशी खात्री असली, की शेंद्रीचंही रक्त दिसतं.

तिथून पुढे बुवांनी माग धरला. पन्नास पावलं खुरं खोल रुतलेली होती, जनावर उधळलेलं. मग ती उथळ झाली. मग शेजारी आणखी एक जोडी दिसली, लहान खुरांची. दोन्ही जोड्या ओढ्याच्या काठानं बरोबर गेल्या होत्या. एका ठिकाणी हिरड्याची पडलेली फळं चघळून टाकलेली होती. त्यापुढे ताज्या लेंड्यांचा ढीग होता.

"जखमी जनावर थांबून खात न्हाई," बुवा म्हणाले. "पिल्लू घिऊन गेली पल्याडच्या रानात."

धैर्यशील मटकन ओढ्याकाठच्या दगडावर बसला. सकाळपासून छातीवर ठेवलेलं जातं कुणीतरी उचलून बाजूला केल्यासारखं त्याला हलकं वाटत होतं. ती आहे. चरते आहे. तिला पाणी पिता येतं. तो हे मनातल्या मनात दोन-तीनदा म्हणाला, आणि दर वेळी त्याला तितकंच बरं वाटलं.

बुवांनी तुंबा खांद्यावरून काढून त्याच्यापुढे धरला.

"आधी तुम्ही," धैर्यशील म्हणाला.

"नेम तुझा चुकलाय. मान तुझा."

तो घटाघटा प्यायला. पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर सांडलं आणि शेंद्रीचा पट्टा ओला होऊन ओघळला, अगदी रक्तासारखा. तो त्याच्याकडे बघून पुन्हा हसला. मग तुंबा दोन्ही हातांनी बुवांना दिला. बुवांनी वरूनच धार धरली. त्यांच्या वाळक्या गळ्याची घाटी खालीवर होताना बघून धैर्यशीलला पहिल्यांदाच वाईट वाटलं, की ह्या म्हाताऱ्याला आपण कसल्या उन्हात फिरवलं.

आणि तेवढ्यात त्याच्या डोक्यात उजेड पडला.

"बुवा, पान बघितलंत तेव्हाच तुम्हाला कळलं होतं. शेंद्री आहे म्हणून."

बुवांनी मिशा पुसल्या.

"कळलं व्हतं ना?"

"पान कशानं लाल झालंय, ते कळलं व्हतं. गोळी कुटं गेली, ते नव्हतं कळलं."

"पण तिथंच सांगितलं असतंत तर मी… हा एवढा वेळ माझा जीव टांगणीला…"

बुवांनी चंची सोडली, सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि चंची त्याच्यापुढे धरली.

धैर्यशीलनं मुठीतला नवा दाणा बघितला. बराच वेळ बघितला. मग तो चंचीत टाकला, जुन्या दाण्याशेजारी. दोन्ही एकमेकांवर आपटून बारीकसा आवाज झाला.

बुवांनी चंचीची दोरी आवळली आणि दगडावर नीट मांडी घालून बसले.

"हं… आता इचार. काडतुसाचं काय म्हनत व्हतास?"